तंबू कशावर उभा होता?

१८८० हे साल मराठी नाटकवाल्यांना तोंडपाठ असतं. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला आणि संगीत नाटकाचं युग सुरू झालं, हे आपण शाळेपासून वाचत आलो. त्याच्या सात महिने आधी, २० मार्चला, विष्णुपंत छत्र्यांच्या ‘ग्रेट इंडियन सर्कस’चा पहिला खेळ झाला, हे मात्र फारसं कुणाला आठवत नाही. हिंदी माणसाने उभी केलेली ही पहिली सर्कस. दोन्ही उद्योग सांगली-बेळगाव पट्ट्यातल्या, संस्थानिकांच्या आश्रयाची सवय असलेल्या मुलखातून निघालेल्या माणसांनी केले, दोघांनी गावोगाव मुक्काम ठोकले, दोघांच्या तिकिटबाऱ्यांवर तीच माणसं उभी राहिली. पुढे नाटकाला संमेलनं मिळाली, नाट्यगृहं मिळाली, चरित्रग्रंथ मिळाले. सर्कशीच्या वाट्याला एक वाक्य आलं: पूर्वी सर्कस यायची, मग सरकारने वाघ-सिंह बंद केले आणि सर्कस संपली. हे वाक्य इतक्या सहजतेने बोललं जातं की त्याला पुरावा मागायचं कुणाला सुचत नाही. मागायला हवा, कारण ते बरंचसं चुकीचं आहे. आपल्या सर्कशीचा तंबू वाघ-सिंहांच्या जिवावर कधीच उभा नव्हता. तो मोकळं मैदान, स्वस्त वाहतूक, हातात रोख मजुरी असलेला प्रेक्षक आणि अंगमेहनत शिकवणाऱ्या जागा या चार गोष्टींवर उभा होता. त्या कशा जमल्या आणि कशा निखळल्या, हे तपासायला सोलापूरसारखं दुसरं शहर नाही.

आधी जनावरांचंच पाहू. छत्रे वाघवाले नव्हते, घोडेवाले होते. सांगलीजवळच्या अंकलखोपचा हा माणूस गाणं शिकायला ग्वाल्हेरला गेला, तिथे घोड्यांची विद्याही शिकला आणि परतून कुरुंदवाडकर पटवर्धनांच्या पदरी चाबुकस्वार म्हणून राहिला. ज्युसेपे क्यारिनी या इटालियन माणसाची ‘रॉयल इटालियन सर्कस’ मुंबईत आली, तिच्यातली घोडेस्वारी पाहून छत्र्यांनी ‘हे आपणही करू’ असं ठरवलं, आणि त्याभोवतीच्या आख्यायिका सोडल्या तरी एवढं नक्की की त्यांच्या सर्कशीचं भांडवल कुरुंदवाडच्या पागेत तयार झालं होतं. (इंग्रजी लेखांत या संस्थानिकाला हटकून ‘कुर्डुवाडीचा राजा’ म्हटलेलं असतं. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचं कुरुंदवाड संस्थान आणि सोलापूर जिल्ह्यातलं कुर्डुवाडी जंक्शन यांची ही गल्लत आहे. कुर्डुवाडीला राजा नव्हता, स्टेशनमास्तर होता.) क्यारिनीची परंपराही घोड्यांचीच. लंडनमध्ये १७६८ साली फिलिप अ‍ॅस्ली या निवृत्त घोडदळवाल्याने गोल रिंगणात कसरती सुरू केल्या, आणि आजही जगभर चालणारं सर्कशीच्या रिंगणाचं ४२ फूट व्यासाचं माप हे दौडणाऱ्या घोड्याच्या पाठीवर उभ्या माणसाचा तोल राहावा म्हणून ठरलेलं माप आहे. वाघ-सिंहांचे पिंजरे त्या रिंगणात नंतर आले. हंबुर्गच्या कार्ल हागेनबेकसारख्या व्यापाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जनावरं पुरवण्याचा आणि शिकवण्याचा धंदा मोठा केला, तेव्हा ती सर्कशीची ओळख बनू लागली. १४ ऑक्टोबर १९९८ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या खेळांवर बंदी आली. या यादीत घोडा नाही. म्हणजे ज्या प्राण्यावर सर्कस जन्मली त्याला कुणी बंदी घातली नव्हती, तरीही घोड्याच्या पाठीवर उभा राहणारा स्वार त्या बंदीच्या आधीच दिसेनासा होत चालला होता. पागा गेल्या, चाबुकस्वार गेले, घोडा टांग्यापुरता उरला आणि मग टांगाही गेला.

छत्र्यांची सर्कस हे खरं तर एक फिरतं संस्थान होतं. संस्थानिकाच्या वाड्यात जे असे ते सगळं तिच्यात होतं: घोडे, पैलवान, नकलाकार, वाजंत्री आणि गवईसुद्धा. ग्वाल्हेर घराण्याच्या हद्दूखाँचे पुत्र रहिमतखाँ भ्रमिष्टावस्थेत भटकत असताना छत्र्यांनी त्यांना जवळ केलं आणि सर्कशीबरोबर गावोगाव नेलं. रहिमतखाँची अखेर कुरुंदवाडातच झाली, आणि अब्दुल करीमखाँच्या गायकीवर त्यांचा जो ठसा उमटला त्याबद्दल संगीताचे अभ्यासक बोलतात तेव्हा त्या गळ्याला जेऊ घालणारी तिकिटबारी सर्कशीची होती, याचा उल्लेख चुटक्यापुरता होतो. छत्र्यांच्या मागोमाग म्हैसाळच्या देवलांची, कार्लेकरांची, शेलारांची अशा सर्कशी निघाल्या, बंगालमध्ये प्रियनाथ बोसांची निघाली. मालक बहुतेक शेती-वतनातले, पण कसरतपटू तालमीतून आले. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी रुजवलेला मल्लखांब, दांडपट्टा, कुस्ती आणि जोर-बैठका यांचं जाळं गावोगाव होतं. झुल्यावर लटकायला मुलगा हवा तर तो शोधायला लांब जावं लागत नव्हतं. मल्लखांबावर दसरंग करणाऱ्या पोराला झुला ही दोन महिन्यांची शिकवणी होती.

आता सोलापूरकडे या. १८६० मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे इथे पोचली आणि पुढे दहा-बारा वर्षांत हीच लाइन रायचूरमार्गे मद्रासला जोडली गेली. तंबू, खांब, बाकडी, पिंजरे, हत्ती आणि शेकडो माणसं हलवायची तर रेल्वेशिवाय इलाज नव्हता. मुंबईहून दक्षिणेत उतरणाऱ्या आणि मलबारहून वर येणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या वाटेत सोलापूर पडत असे. जिल्ह्याच्या आत मात्र चित्र बदले. १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅल्थ्रॉपची बार्शी लाइट रेल्वे कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली, १९०६ ला ती पंढरपूरला पोचली. पण ती तेव्हा अडीच फुटी रुळांची होती. मोठ्या गाडीचा डबा तिच्यावर जात नसे. पंढरपूरच्या वारीला किंवा बार्शीच्या बाजाराला बाड न्यायचं तर कुर्डुवाडीत सगळं उतरवून पुन्हा चढवायचं, नाहीतर बैलगाड्या करायच्या. म्हणून बडी कंपनी सोलापुरात थांबते आणि छोटी पुढे जाते, ही विभागणी रुळांच्या रुंदीतच ठरलेली होती. सर्कशीच्या मुक्कामांचा नकाशा लोकांच्या आवडीनिवडीपेक्षा असल्या हिशेबांनी जास्त आखला जातो.

थांबल्यावर प्रेक्षक हवा, आणि तो सोलापुरात जसा होता तसा त्या काळी फार थोड्या शहरांत होता. १८७७ च्या सुमाराला पहिली कापड गिरणी, म्हणजे लोकांची ‘जुनी गिरणी’, सुरू झाली. मागून नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या आल्या. हजारो कामगार पाळ्यांत काम करत, ठरल्या दिवशी रोख पगार घेत. त्यांच्या भोवती हातमागाचे, पुढे यंत्रमागाचे विणकर, आणि विडी वळणाऱ्या बायका. शेतकऱ्याच्या हातात पैसा सुगीनंतर येतो. गिरणगावात तो महिन्याच्या महिन्याला येतो. सर्कशीला महिनाभर रोज दोन-तीन खेळ लावायचे असतात, तेव्हा हा फरक निर्णायक ठरतो. दुसरी गोष्ट भाषेची. तेलंगणातून आलेला पद्मशाली विणकर घरात तेलुगू बोलतो, सिद्धरामेश्वराचा भक्त कन्नड, बाजारात मराठी आणि उर्दू-दखनी. नाटक कंपनीला या शहरात प्रेक्षक वाटून घ्यावा लागे. सर्कशीला नाही. झुल्यावरून झुल्यावर जाणाऱ्या मुलीचा हात सुटतो का, हे कळायला कुठलीच भाषा लागत नाही, आणि जोकर पडला की चारही भाषांत हसू येतं. तिसरी गोष्ट, जिचा विचार क्वचित होतो, ती पावसाची. सोलापूर हा अवर्षणाचा जिल्हा, वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस. शेतीला जो शाप तो कापडी तंबूला वर. ऑक्टोबर सरला की मे अखेरपर्यंत मैदान कोरडं.

आणि मैदानही असं होतं की त्याला गर्दीचं वर्षानुवर्षांचं वळण होतं. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते. सात नंदीध्वज मिरवत ६८ लिंगांना प्रदक्षिणा होते, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, होम होतो, शोभेचं दारूकाम होतं. आणि शेजारच्या होम मैदानावर पाळणे, मौत का कुआं, खेळण्यांची नि भांड्यांची दुकानं महिनाभर उभी राहतात. सोलापूर, उस्मानाबाद, विजापूर, गुलबर्गा अशा चार जिल्ह्यांचा माणूस त्या दिवसांत शहरात असतो. घरातून निघतानाच ‘यात्रेत खर्चायचे’ म्हणून पैसे बाजूला काढलेले असतात. सर्कशीला जाहिरात करून माणूस गोळा करायची गरज इथे उरत नाही; तो आलेलाच असतो, त्याला फक्त आत वळवायचं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला. हे सगळं खरं मानलं तरी भिंतीवरच्या पोस्टरवर वाघ असायचा, ट्रॅपीझवाली नव्हे. पोरं सिंहाची डरकाळी ऐकायलाच हट्ट धरत. पुण्यात जन्मलेले दामू धोत्रे अमेरिकेच्या रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीपर्यंत पोचले ते वाघ-सिंहांच्या जोरावरच. आक्षेप निराधार नाही. जनावरं ओढ लावत, यात वाद नाही. पण ओढ आणि आधार या दोन निराळ्या गोष्टी आहेत. धोत्रे मामाच्या, शेलारांच्या, सर्कशीत लहानपणी आले ते कसरती आणि सायकलीच्या कामांसाठी, जनावरं नंतर. दोन तास चालणाऱ्या खेळात पिंजऱ्याचा भाग थोडका, उरलेला सगळा वेळ माणसांचा. उलट खर्चाच्या बाजूला वाघ रोज खातो, खेळ असो वा नसो. बंदीचा धक्का कंपन्यांना बसला हे खरं. १९९१ पासून चाललेली न्यायालयीन लढाई मे २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरल्यावर त्यांची जनावरं सरकारी निवारा केंद्रांत गेली. पण तोवर सोलापुरात काय झालं होतं ते पाहा. जुनी गिरणी साठच्या दशकातच बंद पडली होती. लक्ष्मी-विष्णू नव्वदच्या दशकात गेली. ज्याच्या पगाराच्या दिवशी तंबू भरत असे, तो गिरणी कामगार वाघाच्या आधी गेला. सिंह बंद झाले म्हणून सर्कस रिकामी पडली, असं म्हणताना आपण रिकाम्या पडलेल्या गिरणीच्या चिमणीकडे पाठ करून उभे असतो.

अमेरिकेचं उदाहरण मात्र माझ्या म्हणण्याविरुद्ध जाईल असं वाटतं, म्हणून ते टाळू नये. रिंगलिंग सर्कशीने मे २०१६ मध्ये हत्ती काढले आणि वर्षभरात, मे २०१७ मध्ये, दीडशेच्या घरातली ती संस्था बंद झाली. मालकांनी स्वतःच सांगितलं, हत्ती गेल्यावर तिकिटं पडली. पण २०२३ मध्ये तीच सर्कस एकाही जनावराशिवाय परत सुरू झाली. मधल्या काळात प्रेक्षक बदलला नव्हता, खेळ नव्याने बांधला होता. कॅनडातली सर्क द्यु सोलेय तर १९८४ पासून जनावरांविनाच मोठी झाली. तिची तिकिटं सोलापूरकराच्या आवाक्यातली नाहीत, तेव्हा तो नमुना उचलून इथे लावा असं म्हणणं बालिशपणाचं होईल. एवढंच दिसतं की माणसाच्या शरीराचं धाडस पाहायला लोक पैसे देतात; प्रश्न तो खेळ कुठे, किती भाड्यात आणि कुणाच्या बळावर उभा राहतो, हा आहे.

टीव्हीने सर्कस मारली, हा दुसरा आक्षेप त्यामानाने कच्चा आहे. सिनेमा सोलापुरात सर्कशीच्या जोडीने कित्येक दशकं चालला. दोघांनी एकमेकांना मारलं नाही. शिवाय टीव्ही आणि मोबाइल येऊनही गड्ड्याची गर्दी ओसरली नाही. मौत का कुआंत फळ्यांच्या भिंतीवरून मोटारसायकल गोल फिरते तेव्हा वर कठड्याला लोकांची रेलचेल असते, आणि तिथे जनावर नाही, पडदा नाही, गोष्ट नाही. तो सर्कशीचाच तुटलेला तुकडा आहे. तो टिकला, कारण त्याला दहा-बारा माणसं नि एक-दोन ट्रक पुरतात आणि तो यात्रेपुरता उभा राहतो. मोठ्या तंबूला शे-दोनशे माणसांचा रोजचा शिधा लागतो.

जागेचा हिशेब इथेच आडवा येतो. शहराच्या मध्यातलं मोकळं मैदान ही चीजच संपत आली आहे. कुठे भाजी मंडई गेली, कुठे संकुल आलं, कुठे वाहनतळ. होम मैदानाचंही स्मार्ट सिटी योजनेत सुशोभीकरण झालं. जे मैदान उरतं त्यावर प्रदर्शनं, सभा, सेल यांची रांग असते, आणि एक सभा दोन दिवसांत जे भाडं देते ते सर्कशीला महिनाभर देणं परवडत नाही. करांचं रडगाणं मात्र खोटं आहे. २०१८ पासून पाचशे रुपयांपर्यंतच्या सर्कशीच्या तिकिटावर जीएसटी नाही. सरकारने तिकिटाला सूट दिली, पण तिकीट फाडायला जागा ठेवली नाही. पुण्याची रॅम्बो सर्कस २०२० च्या टाळेबंदीत नवी मुंबईत ऐरोलीला अडकली, तेव्हा मालकांनी खेळ चित्रित करून ऑनलाइन दाखवले. युक्ती चांगली होती. मैदान मिळताच सगळे परत तंबूत आले, कारण पोट तिथेच भरतं.

खरा अवघड आक्षेप तिसरा आहे आणि तो नैतिक आहे. ज्या धंद्यात जनावरांना चाबकाने शिकवलं आणि नेपाळ-बंगालातल्या गरीब घरच्या मुली कराराने बांधून ठेवल्या, त्याच्यासाठी हळहळायचं कशाला? हळहळू नये, हेच उत्तर. १९९८ ची अधिसूचना योग्य होती. १८ एप्रिल २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर सर्कशीत मुलं ठेवायला मनाई केली, तोही निकाल योग्यच. पण त्या निकालानंतर एक प्रश्न उघडा पडला आणि तो कुणी हाती घेतला नाही. लवचिक शरीर अठराव्या वर्षी घडवायला घेता येत नाही. मग मुलांनी कसरत शाळा सांभाळून, घरी राहून, कुणाच्या कराराशिवाय शिकायची असेल तर ती कुठे? केरळने याचं उत्तर एकदा शोधलं होतं. छत्र्यांची सर्कस मलबारात तलश्शेरीला गेली, तेव्हा तिथले व्यायामशिक्षक कीलेरी कुन्हिकण्णन यांच्याशी छत्र्यांचा परिचय झाला; १९०१ मध्ये कुन्हिकण्णन यांनी तलश्शेरीजवळ सर्कशीची शाळा काढली आणि पुढची पाऊणशे वर्षं देशातल्या तंबूंना माणसं केरळने पुरवली. सर्कस महाराष्ट्रात जन्मली आणि केरळात मोठी झाली, याचं कारण एवढंच की शाळा तिथे निघाली. छत्र्यांनी इथे कंपनी काढली, शाळा काढली नाही. २०१० मध्ये केरळ सरकारने तलश्शेरीत सर्कस अकादमी सुरू केली, ती काही वर्षांत बंद पडली. शिकून जायचं कुठे, हे न ठरवता काढलेल्या शाळेचं दुसरं काय होणार?

सोलापुरात शिकवायच्या जागा नव्हत्या असं नाही. पाणीवेस तालीम, थोरला मंगळवेढा तालीम, पत्रा तालीम ही नावं आजही गणेशोत्सवाच्या आणि शिवजयंतीच्या मिरवणुकीत पुढे असतात, त्यांचं लेझीम पाहायला रस्ते भरतात. नावात तालीम राहिली, आखाडा बहुतेक ठिकाणी मंडळाच्या कार्यालयात विरघळला. तरीही शरीराची विद्या प्रसंगाला बांधली की टिकते, याचा दाखला याच शहरात आहे. नंदीध्वज कमरेच्या पट्ट्यात तोलून चालणं हे साधं काम नव्हे. उंच, जड, वर सजवलेली काठी वाऱ्यात झुकते आणि मानकऱ्यांची माणसं यात्रेच्या कितीतरी दिवस आधीपासून सराव करतात. ती भक्ती आहे, खेळ नाही, आणि तिला सर्कशीच्या पंगतीला बसवण्याचा इरादा नाही. पण तोल सांभाळण्याची ही कला पिढ्यान्‌पिढ्या उतरते आहे, कारण तिला ठरलेली तिथी आहे, ठरलेला रस्ता आहे आणि मान आहे.

हेच तीन नसले की काय होतं, ते पाहायला डोंबाऱ्याकडे वळावं लागतं. सर्कशीचा इतिहास सांगताना आपण संस्थानिक, क्यारिनी, छत्रे यांच्यापासून सुरुवात करतो. दोरावर चालणारी डोंबाऱ्याची आणि कोल्हाट्याची पोर या सगळ्यांच्या कितीतरी आधीची. दोन्ही टोकांना बांबूच्या कैच्या, मध्ये ताणलेला दोर, हातात आडवी काठी, खाली बापाची ढोलकी. कौशल्याने सर्कस तरत असती तर सर्वांत आधी ही माणसं तरली असती. पण ज्या दशकांत सर्कशीच्या गाड्या सोलापूर स्टेशनात सलामीच्या बँडने उतरत होत्या, त्याच दशकांत, १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानंतर, याच शहरात तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट उभी होती. कैकाडी, पारधी, मांग-गारुडी, कंजारभाट अशा जमातींची कुटुंबं तिच्यात हजेरी देत, आणि तिथून गिरणीत कामाला जात. हिंडून पोट भरणं हाच त्यांच्यावरचा संशय होता. सर्कसवालाही हिंडतच होता. त्याच्याकडे रेल्वेची पावती होती, मैदानाचा परवाना होता. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला.

सात वर्षांनी, १९५९ मध्ये, मुंबई राज्याने भीक प्रतिबंधक कायदा केला. त्यात भीक म्हणजे काय हे सांगताना गाणं, नाच, भविष्यकथन आणि खेळ करून दाखवणं अशा मिषाने सार्वजनिक जागी पैसे मागणं किंवा घेणं हेही धरलं आहे. म्हणजे एकच मुलगी एकाच दोरावर चालते. तंबूच्या आत चालली तर कलावंत आणि तिकीट करमुक्त, बाहेर चालली तर कायद्याच्या लेखी भिकारी. मल्लखांबाला ‘खेलो इंडिया’त आणि राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत जागा मिळाली, २०२४ मध्ये मुंबईच्या उदय देशपांड्यांना मल्लखांबासाठी पद्मश्री मिळाली, आनंदच आहे. दोर, खांब आणि झुला यांच्यातलं अंतर व्यायामशास्त्राच्या दृष्टीने फार नाही, ते मैदान कुणाला मिळतं यात आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये या कायद्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली, पण दिल्लीपुरती. ज्या राज्यात तो कायदा झाला, आणि जिथे छत्र्यांनी तंबू ठोकला, तिथे तो लागू आहे.